संगणकाची भाषा आणि ‘ळ’चे स्थान

झाशी शहराला एके काळी चोहोबाजूंनी तट होता. सुभेदार शिवराव भाऊ यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तो बांधण्यात आला. त्याच्या काही दरवाजांना, त्या वाटेने जे गाव लागे, त्याचेच नाव मिळाले. ओरछ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो ओरछा दरवाजा आणि वायव्येकडील दतियाकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो दतिया दरवाजा. या दुसऱ्या दरवाजाच्या आतील व बाहेरील वस्तीला आज दतिया गेट या नावानेच ओळखतात.

या शहराशी मराठी भाषेचा संबंध जुना आहे. १७४२ साली पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारो शंकर झाशीस आले. त्यांच्याबरोबर व त्यांच्या मागून अनेक मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. अशा काही घरांत अद्याप मराठी बोलली जाते, परंतु शाळा, बाजार व कचेरी यांची भाषा हिंदी आहे. दोन्ही भाषा देवनागरी लिपीतच लिहिल्या जातात. त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास दोहोंच्या लेखनात फारसा भेद दिसत नाही. मात्र लिपी एक असली तरी वर्णमाला एक नाही. मराठी मूल ‘ह’ नंतर ‘ळ’ म्हणते. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ला स्थानच नाही. घरी व शाळेत दोन भाषा बोलणाऱ्या मुलाला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. संगणकाला मात्र तो शिकवावा लागतो, आणि तो शिकविता शिकविता शिकविणाराच संगणकाची भाषा कशी शिकतो, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

व्याकरण पाठ, परंतु वाक्य सुचत नाही

संगणकाला कामे सांगण्यासाठी ज्या भाषा तयार केल्या आहेत, त्यांना प्रोग्रॅमिंगच्या भाषा म्हणतात, आणि त्या भाषेत लिहिलेल्या आज्ञांच्या समूहाला आज्ञावली म्हणतात. या भाषा मनुष्याच्या भाषांच्या मानाने फारच लहान असतात. आज शाळा-महाविद्यालयांत शिकविल्या जाणाऱ्या पायथॉन या भाषेत राखीव शब्द अवघे पस्तीसच्या आसपास आहेत. अट कशी घालावी, एकच काम पुनःपुन्हा कसे करवून घ्यावे, यादी कशी ठेवावी, हे सांगणारे नियम थोड्या दिवसांत वाचून होतात.

असे असूनही पुष्कळ विद्यार्थ्यांचा अनुभव निराळा असतो. पुस्तकाची पाच-सहा प्रकरणे उत्साहाने वाचून होतात, दिलेली उदाहरणे टंकून पाहिली जातात, ती बिनचूक चालतातही; परंतु पुस्तक मिटून कोरा पडदा समोर आला की काय लिहावे ते सुचत नाही. मग विद्यार्थी स्वतःलाच दोष देतो. आपली बुद्धी या विषयाची नाही असे तो ठरवितो आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाते.

दोष बुद्धीचा नसतो, तर पद्धतीचा असतो. पुस्तकातील उदाहरणात प्रश्नही लेखकाचा असतो व उत्तरही लेखकाचेच. विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ते केवळ नक्कल करण्याचे काम. खरी आज्ञावली लिहिताना प्रश्न नेमका काय आहे हे प्रथम ठरवावे लागते, त्याचे तुकडे पाडावे लागतात, आणि उत्तर चुकल्यास चूक कोठे आहे ते हुडकावे लागते. ही तीन कामे स्वतःचा प्रश्न हाती घेतल्यावाचून शिकता येत नाहीत. पाण्यात पडल्याखेरीज पोहता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच अनुभवी लोक नवशिक्यांना दोन गोष्टी सांगतात. एक, स्वतःच्या उपयोगाचे एखादे लहान काम हाती घ्यावे. दुसरी, इतरांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या आज्ञावली वाचाव्यात आणि जमेल तेव्हा त्यांत भर घालावी. या दोन गोष्टींचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

दरवाजांची यादी

दतिया गेटजवळ राहणारी, नववीत शिकणारी एक विद्यार्थिनी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. ती घरी मराठी बोलते व शाळेत हिंदी शिकते. पायथॉनची प्राथमिक माहिती तिला झाली आहे. पहिले काम म्हणून ती आपल्या शहराच्या आठ दरवाजांची नावे यादीत घालते व संगणकाला त्यांची वर्णानुक्रमे मांडणी करावयास सांगते. यासाठी एक ओळ पुरते. पडद्यावर उत्तर येते: उन्नाव, ओरछा, खंडेराव, दतिया, बड़ागाँव, लक्ष्मी, सागर, सैंयर. उत्तर अगदी बरोबर आहे.

संगणकाला वर्णक्रम कोठून समजला? याचे उत्तर युनिकोड नावाच्या जागतिक संकेतप्रणालीत आहे. या प्रणालीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. देवनागरीतील ‘क’चा क्रमांक २३२५, ‘द’चा २३४२, ‘ह’चा २३६१. संगणक अक्षर ओळखत नाही. तो हे क्रमांक तेवढे ताडून पाहतो व लहान क्रमांक आधी ठेवतो. क्रमांक वर्णमालेच्या अनुरोधाने दिलेले असल्यामुळे यादी आपोआप नीट लागते.

आता तिला कुतूहल वाटते आणि कोणत्या नावात किती अक्षरे आहेत हे ती विचारते. ‘लक्ष्मी’ या नावाची लांबी संगणक सात सांगतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तर दोनच अक्षरे दिसतात. ती कागद घेऊन चिन्हे मोजते: ल, क, हलन्ताचे चिन्ह, ष, पुन्हा हलन्ताचे चिन्ह, म आणि दीर्घ ईकाराची वेलांटी, एकूण सात. मग ती ‘दतिया’ हे नाव उलट लिहावयास सांगते, तेव्हा काना एकटाच सर्वांच्या पुढे येऊन बसतो आणि ‘त’ची वेलांटी ‘य’ला जाऊन चिकटते. लेखनात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसत असली तरी संगणकाच्या स्मृतीत ती व्यंजनाच्या नंतर ठेवलेली असते, हे तिला येथे कळते.

अक्षर व चिन्ह यांतील हा भेद पायथॉनच्या पुष्कळशा प्राथमिक पुस्तकांत आढळत नाही, कारण ती पुस्तके रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेली असतात. तिच्या स्वतःच्या प्रश्नाने मात्र तो पहिल्याच दिवशी तिच्यापुढे आणून उभा केला.

‘ळ’ कोठे गेला?

दुसरे काम घरातलेच आहे. आजीच्या बोलण्यात येणारे आणि शाळेत ऐकू न येणारे मराठी शब्द ही मुलगी एका वहीत टिपून ठेवते. त्या वहीचा छोटासा कोश करावा असे तिच्या मनात येते. शब्द संगणकात भरून ती तीच एक ओळ चालविते. यादीचा एक भाग असा येतो: माल, माळ, मावशी, मासा.

आजी यादी पाहते आणि म्हणते, “अगं, ‘माळ’ इतक्या वर कशी आली? ‘ळ’ तर ‘ह’च्या मागून येतो.”

आजीचे म्हणणे बरोबर आहे. मराठी वर्णमालेप्रमाणे माल, मावशी, मासा व मग माळ असा क्रम हवा. परंतु युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक २३५४ आणि ‘ळ’चा त्याला लागूनच २३५५ आहे, ‘व’ व ‘स’ त्यांच्या पुढे आहेत. ही मांडणी युनिकोडने भारतातच तयार झालेल्या इस्की या संकेतप्रणालीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. इस्कीचा हेतू भारतीय लिप्यांसाठी शक्य तेवढा एकच तक्ता करण्याचा होता, म्हणजे एका लिपीतील मजकूर दुसरीत सहज नेता यावा. सर्वांच्या सोयीसाठी केलेल्या अशा तक्त्यात प्रत्येक भाषेचा वर्णक्रम जसाच्या तसा राहणे शक्य नव्हते. तेव्हा ही कोणाची चूक नव्हे. क्रमांक हे चिन्ह ओळखण्यापुरते आहेत. वर्णक्रम ही त्या त्या भाषेची गोष्ट आहे आणि ती निराळी सांगावी लागते.

ती सांगावयाची कशी? मुलीला एक युक्ती सुचते. प्रत्येक शब्दातील चिन्हांचे क्रमांक घ्यावेत, पण ‘ळ’ भेटला की त्याच्या जागी एखादा फार मोठा क्रमांक, समजा ९९९९, धरावा. म्हणजे तो सर्वांच्या शेवटी जाईल. एक अट आणि एक पुनरावृत्ती एवढीच आज्ञावली. ती चालविताच ‘माळ’ ‘मासा’च्या खाली जाते. आनंद होतो, परंतु तो फार वेळ टिकत नाही. यादीत थोडे खाली पाहिले असता माती, मोर आणि त्यांच्या मागून मळा असा क्रम दिसतो. ‘मळा’ तर ‘माती’च्या आधी यावयास हवा!

या चुकीचे कारण शोधताना संपूर्ण तक्त्याची रचना तिच्या ध्यानात येते. तक्त्यात आधी स्वर, मग व्यंजने, आणि व्यंजनांच्या नंतर काना, वेलांटी, मात्रा ही स्वरचिन्हे आहेत. त्यामुळेच ‘मक’ने आरंभ होणारे शब्द ‘मा’ने आरंभ होणाऱ्या शब्दांच्या आधी येतात. ‘ळ’ला ९९९९ हा क्रमांक दिल्यामुळे तो व्यंजनांच्याच नव्हे तर स्वरचिन्हांच्याही पलीकडे गेला. त्याची खरी जागा ‘ह’ आणि काना यांच्या मध्ये आहे. ‘ह’चा क्रमांक २३६१ व कान्याचा २३६६. मधला २३६२ हा क्रमांक काश्मिरीसाठी योजलेल्या एका स्वरचिन्हाचा असून मराठी मजकुरात तो येत नाही. मुलगी ९९९९ खोडून २३६२ लिहिते. आता मळा, माती, मोर हा क्रमही लागतो आणि मासा, माळ हाही लागतो.

एका अक्षराच्या या खटाटोपात तिने किती गोष्टी शिकल्या ते पाहण्यासारखे आहे. यादी, अट, पुनरावृत्ती आणि क्रम ठरविण्यासाठी स्वतःचा नियम देण्याची रीत, एवढे पायथॉन तिच्या हातात बसले. एक चूक दुरुस्त करताना दुसरी निर्माण होऊ शकते, आणि म्हणून दुरुस्ती झाल्यावर ज्या शब्दांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा शब्दांवर आज्ञावली पुन्हा तपासून पाहावी लागते, हा या विद्येतील सर्वांत मोलाचा धडाही तिला मिळाला. तो धडा तिने वाचला नाही. तिला तो लागला.

यापुढील पायऱ्या अधिक अवघड आहेत. ‘क्ष’ हा एक वर्ण मानावा की ‘क’ आणि ‘ष’ यांचे जोडाक्षर? मराठी वर्णमालेत तो अखेरीस म्हटला जातो, तर संस्कृत कोशांत त्याने आरंभ होणारे शब्द ‘क’मध्ये मिळतात. युनिकोडमध्ये ‘क्ष’ला स्वतंत्र क्रमांक नाही, तो तीन चिन्हांनी बनतो. तो अखेरीस हवा असेल तर आज्ञावलीला पुढची दोन चिन्हे आधी पाहून मग निर्णय करावा लागतो. येथे संगणक काही ठरवू शकत नाही; कोश करणाऱ्यानेच ठरवावे लागते. हिंदीकडूनही एक अडचण येते. ‘बड़ागाँव’ यातील नुक्ता असलेला ‘ड’ दोन प्रकारे लिहिता येतो: २३९६ या एका क्रमांकाने, किंवा ‘ड’चा २३३७ व नुक्त्याचा २३६४ अशा दोन क्रमांकांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात, पण संगणक त्यांना दोन निराळे शब्द समजतो आणि शोध घेतला असता नाव सापडत नाही. तुलना करण्यापूर्वी दोन्हींना एकाच रूपात आणणे हा त्यावरील उपाय असून त्याची सोय पायथॉनमध्ये आधीपासून आहे. गरज पडल्यावर ती शोधली, म्हणून ती लक्षात राहते.

दुसऱ्याची संहिता वाचणे

एवढे झाल्यावर मुलीच्या मनात प्रश्न येतो की, आपल्या आधी हे कोणी केले नसेल काय? केले आहे. युनिकोड संघटनेच्या सी.एल.डी.आर. या प्रकल्पात भाषाभाषांचे वर्णक्रम, महिन्यांची व वारांची नावे, अंक लिहिण्याच्या रीती इत्यादी माहिती गोळा करून ठेवली आहे. तिच्या मराठीच्या विभागात ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो असा नियम नोंदलेला आहे. हे नियम वापरणारा आय.सी.यू. नावाचा आज्ञावलींचा संग्रह आय.बी.एम. या कंपनीने १९९९ साली खुला केला. २०१६ पासून तो युनिकोड संघटनेकडे आहे. दोन्ही कोणालाही पाहता व वापरता येतात.

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना वाचता येते, बदलता येते व बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते, तिला मुक्त स्रोत आज्ञावली म्हणतात. ही परवानगी तोंडी नसते. संहितेबरोबर परवाना जोडलेला असतो आणि त्यात अटी लिहिलेल्या असतात. भारतीय लिप्यांसाठी असलेली ‘लोहित’ ही अक्षरमुद्रांची मालिका रेड हॅट या कंपनीने २००४ साली अशाच परवान्याखाली प्रसिद्ध केली. २०११ साली तिला अक्षरमुद्रांसाठीच योजलेला दुसरा मुक्त परवाना देण्यात आला. दुसऱ्याची संहिता घेण्यापूर्वी परवाना वाचण्याची सवय विद्यार्थ्याने पहिल्यापासून लावून घ्यावी.

आय.सी.यू.ची संहिता ही मुलगी पहिल्याच दिवशी वाचावयास गेली असती तर तिला त्यातले काहीच उमगले नसते. आता ती तिची दोन-चार पाने समजू शकते, कारण प्रश्न तिच्या ओळखीचा आहे. आपली युक्ती एका अक्षरापुरती होती. येथे शेकडो भाषांचे नियम एकाच रीतीने चालविले आहेत, हे तिला दिसते. मोठ्या गवयाचे गाणे स्वतः थोडे गाणाऱ्यालाच अधिक कळते, त्यासारखेच हे आहे. म्हणून आधी स्वतःचे लहान काम व मग दुसऱ्याचे मोठे काम, हा क्रम हिताचा ठरतो.

वाचनानंतर भर घालण्याची वेळ येते. मुक्त स्रोत प्रकल्पांत बदल करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. प्रकल्पाची प्रत स्वतःकडे घ्यावयाची, तीत बदल करावयाचा, बदल का केला हे थोडक्यात लिहावयाचे आणि तो मूळ प्रकल्पाच्या सांभाळकर्त्यांकडे पाठवावयाचा. ते तो तपासतात, शंका विचारतात, कित्येकदा परतही पाठवितात आणि समाधान झाल्यावर स्वीकारतात. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणारे ‘गिट’ नावाचे साधन २००५ पासून उपलब्ध आहे. पहिली भर संहितेचीच असली पाहिजे असे नाही. ‘अमुक शब्द दिले असता अमुक उत्तर मिळते, वस्तुतः ते तमुक हवे’ अशी दोषाची नेमकी नोंद करणे, सूचनांचे मराठी भाषांतर सुधारणे, माहितीपत्रातील अस्पष्ट वाक्य सोपे करणे, हीदेखील मोलाची भर होय. अनोळखी पण जाणत्या माणसाने आपले काम ओळीने वाचून त्यातील उणीव दाखविणे, हा लाभ एरवी फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळतो.

गरजेतून वाढलेली कामे

स्वतःच्या गरजेपोटी आरंभिलेली कामे किती दूर जाऊ शकतात याची उदाहरणे संगणकाच्या इतिहासात आहेत. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने नवा संगणक घेतला होता. त्या यंत्राची रचना समजून घ्यावी आणि घरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घेता यावे, एवढ्यासाठी त्याने एक लहान आज्ञावली लिहिली. ती वाढत गेली आणि तिच्यातून लिनक्स ही कार्यप्रणाली निर्माण झाली. ती जाहीर करताना आपले काम केवळ छंद म्हणून असून मोठे काही होणार नाही, असेच त्याने म्हटले होते. या कामापूर्वी त्याने अँड्र्यू टॅनेनबॉम यांचे कार्यप्रणालीवरील पाठ्यपुस्तक अभ्यासले होते. विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तयार केलेल्या मिनिक्स या कार्यप्रणालीची संहिता त्या पुस्तकात छापलेली होती. दुसऱ्याची संहिता वाचणे आणि स्वतःची लिहिणे यांचा संबंध येथे स्पष्ट दिसतो.

खुद्द पायथॉनचा जन्मही असाच आहे. नेदरलँड्समधील गिडो फान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत वेळ घालविण्यासाठी ही भाषा रचावयास घेतली आणि १९९१ च्या फेब्रुवारीत ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली. त्याच भाषेचा पुढे एका भारतीय संशोधकाने उपयोग केला. २००६ साली पदार्थविज्ञानात संशोधन करीत असलेल्या कोविद गोयल यांच्याजवळ सोनी कंपनीचे पुस्तके वाचण्याचे यंत्र होते. परंतु ते लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडण्याची सोय नव्हती. यंत्र व संगणक यांच्यात काय संदेश जातात ते पाहून त्यांनी स्वतःच आज्ञावली लिहिली. तिचेच पुढे ‘कॅलिबर’ झाले. आज संगणकावरील पुस्तकांचा संग्रह लावण्यासाठी जगभरचे वाचक ती वापरतात.

या तिघांपैकी कोणीही मोठे काम करावयाचे ठरवून बसला नव्हता. एकाला यंत्र समजून घ्यावयाचे होते, दुसऱ्याला सुटी घालवावयाची होती, तिसऱ्याला आपली पुस्तके वाचावयाची होती.

महाराष्ट्रात या पद्धतीला संस्थेचा आधारही मिळाला आहे. पवई येथील आय.आय.टी. मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी एखादे प्रमाणभूत पाठ्यपुस्तक निवडतात आणि त्यातील सोडविलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त आज्ञावलीत लिहून काढतात. तपासणी झाल्यावर ते काम सर्वांच्या उपयोगासाठी प्रसिद्ध होते. विद्यार्थ्याची भाषा पक्की होते आणि पुढच्याला तयार साधन मिळते. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने सुमारे दहा मिनिटांचे दृक्श्राव्य पाठ तयार केले असून त्यांतील अनेक मराठीतही ऐकावयास मिळतात. पाठ ऐकता ऐकता तीच कृती शेजारी स्वतः करून पाहावी अशी त्यांची रचना आहे. इंग्रजीच्या भीतीने अडलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा आधार होतो. शिवाय २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आज्ञावलीतील चलांना देवनागरीत नावे देता येतात. राखीव शब्द रोमन लिपीत राहिले, तरी ‘शब्द’, ‘यादी’, ‘क्रम’ ही नावे आपली असू शकतात.

काही सावधगिरी

या मार्गात धोके नाहीत असे नाही. पहिला धोका फार मोठे काम निवडण्याचा. संपूर्ण मराठी शब्दकोश करावयास निघालेला विद्यार्थी महिन्याभरात थकतो. शंभर शब्दांची वही नीट लावणारा आठवड्यात यशस्वी होतो आणि दुसरे काम हाती घेतो. काम एवढेच असावे की, ते पूर्ण झाले हे स्वतःला व दुसऱ्यालाही दिसावे.

दुसरा धोका असा की, स्वतःच्या कामाला जेवढे लागते तेवढेच माणूस शिकतो. वर्णक्रमाचे काम करणाऱ्याचा आकडेमोडीशी किंवा मोठ्या माहितीच्या साठ्याशी संबंध येत नाही. म्हणून अधूनमधून पाठ्यपुस्तकाकडे परतणे आवश्यक आहे. फरक एवढाच की, आता पुस्तक प्रश्न घेऊन उघडले जाते, आणि प्रश्न घेऊन उघडलेले पुस्तक अधिक देते.

तिसरा धोका अलीकडचा आहे. मागणी करताच आज्ञावली लिहून देणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग करू नये असे नव्हे. पण यादी वर्णानुक्रमे लावून दे एवढेच त्यांना सांगितले, तर क्रमांकांनुसार लावलेली यादी हाती येण्याचा पुष्कळ संभव आहे. ती यादी व्यवस्थित दिसेल, कोठेही अडखळणार नाही आणि तरीही ‘माळ’ ‘मावशी’च्या आधी असेल. ती चूक ओळखण्यासाठी ‘ळ’चे स्थान ठाऊक असलेला माणूसच लागतो. आणि ती दुरुस्त झाली की नाही हे पारखण्यासाठी आज्ञावली वाचता येणारा माणूस लागतो. ही दोन्ही ज्ञाने एकाच व्यक्तीजवळ असणे, हीच आज भारतीय भाषांची खरी गरज आहे.

शाळा व ग्रंथालये यांनी काय करावे?

अशा कामांसाठी विषय दूर शोधावयास नकोत. शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयातील मराठी पुस्तकांची यादी लेखकाच्या आडनावाप्रमाणे, मराठी वर्णक्रमाने लावणे हे एक उत्तम काम आहे. शाळेच्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींवरून प्रत्येक महिन्याची बेरीज काढणे हे दुसरे. तिसरे काम राष्ट्रीय दिनदर्शिकेचे आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून ती सिद्ध झाली आणि २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. तिचे नियम अगदी सोपे आहेत. चैत्राचा पहिला दिवस २२ मार्च, प्लुत वर्षी २१ मार्च. चैत्र तीस दिवसांचा, प्लुत वर्षी एकतीस दिवसांचा. वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे पाच महिने एकतीस दिवसांचे आणि उरलेले सहा तीस दिवसांचे. कोणत्याही इंग्रजी तारखेची राष्ट्रीय तारीख सांगणारी आज्ञावली लिहिताना अट, बाकी, यादी व तपासणी या चारही गोष्टी हाताखालून जातात.

ग्रंथालयात एक संगणक, एक वही आणि आठवड्यातून एक तास एवढी सामग्री यासाठी पुरते. वहीत तीन रकाने असावेत: काय करावयाचे होते, काय झाले, आणि चूक कोठे होती. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा राहिला तर काम फार सोपे निवडले असे समजावे.

दतिया गेटच्या त्या मुलीने जर अशी वही ठेवली, तर तिसऱ्या रकान्यात पहिलीच नोंद असेल: ‘ळ’ला ९९९९ दिला, तो स्वरचिन्हांच्याही पलीकडे गेला, २३६२ हवा. ज्याला मराठी येत नाही त्याला या ओळीचा अर्थ कळणार नाही, आणि ज्याला पायथॉन येत नाही त्यालाही कळणार नाही. मुलीला तो कळतो. आणि यादी लागल्यावर ती वाचून दाखविली की आजीलाही कळतो.